बिअर म्हणजे सुराच : टॅपहाऊसमधल्या ग्लासाचा हिशेब

वस्तीत आरोग्यावर बोलायला बसले की दारूचा विषय निघतोच. पूर्वी तो हातभट्टीपासून सुरू व्हायचा आणि देशीच्या दुकानापाशी संपायचा. आता त्यात एक नवे वाक्य ऐकू येते. "आमचा मुलगा दारू पीत नाही हो, फक्त बिअर घेतो." बोलणारी बहुधा आई असते. मुलगा शिकलेला, पुण्याला किंवा बंगळूरला कंपनीत लागलेला, कधी कंपनीने सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलेला. तो मोबाइलवर फोटो पाठवतो. जुन्या विटांची भिंत, लाकडी टेबल, मागे ओळीने पितळी नळ आणि हातात फेसाळलेला ग्लास. हा फोटो शेजारी कौतुकाने दाखवला जातो. हातभट्टीला निदान लाज होती. या ग्लासाला मान आहे, आणि म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा.

अशी जागा कशी असते ते कळण्यासाठी एकच शहर जरा बारकाईने पाहू. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची राजधानी डेनव्हर. तिथल्या जुन्या बाजारभागाला लोअर डाउनटाउन किंवा थोडक्यात 'लोडो' म्हणतात. १८८१ साली तिथे युनियन स्टेशन हे रेल्वेस्थानक झाले आणि मालगाड्यांनी येणारा माल ठेवायला आजूबाजूला विटांची मोठमोठी गोदामे उभी राहिली. आपल्या मशीद बंदरची आठवण यावी असा तो परिसर. पुढे रेल्वेचा व्यापार घटला, गोदामे ओस पडली. विसाव्या शतकाच्या मध्याला या भागाची ओळख म्हणजे स्वस्त खोल्या, स्वस्त दारूचे गुत्ते आणि रस्त्यावर पडलेली माणसे अशी झाली होती. जवळचे अनेक चौक तर नगरपालिकेने पाडूनच टाकले. जे उरले ते जपावे म्हणून १९८८ साली शहराने लोडोला ऐतिहासिक परिसर म्हणून संरक्षण दिले.

त्याच वर्षी, १८९९ साली बांधलेल्या एका व्यापारी इमारतीत 'विंकूप ब्रुइंग कंपनी' उघडली. जागच्या जागी बिअर बनवायची आणि तिथेच नळातून ग्लासात ओतून द्यायची, सोबत जेवण, वर बिलियर्डची टेबले. ती काढणाऱ्यांपैकी एक जॉन हिकनलूपर. तेलकंपनीतली भूगर्भशास्त्रज्ञाची नोकरी गेलेला हा माणूस पुढे डेनव्हरचा महापौर, मग राज्याचा गव्हर्नर आणि आता सिनेटर झाला. म्हणजे या धंद्याला तिकडे किती प्रतिष्ठा आहे ते लक्षात यावे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सगळ्या अमेरिकेत शंभराहून कमी बिअर कारखाने उरले होते. आज त्यांची संख्या नऊ हजारांच्या वर आहे. बहुतेक लहान, आणि कित्येक अशाच जुन्या गोदामांत, जुन्या बँकांत, जुन्या आगीच्या बंबांच्या ठाण्यांत. मोठ्या कारखान्याची नव्हे, कमी प्रमाणात आणि वेगवेगळ्या चवींची बनवलेली, म्हणून ती 'क्राफ्ट' बिअर. जिथे ती अनेक नळांतून मिळते ते टॅपहाऊस.

(विंकूप हे मूळ रस्त्याचे नाव. एडवर्ड विंकूप नावाच्या लष्करी अधिकाऱ्यावरून ते पडले. १८६४ साली सँड क्रीक इथे सैनिकांनी शेयेन आणि अरापाहो आदिवासींची, बायकामुलांसकट, कत्तल केली तेव्हा तिचा उघड निषेध करणाऱ्यांत हा गोरा अधिकारी होता. त्याचे नाव आज लोकांना बिअरवरून ठाऊक आहे.)

महाराष्ट्रातही हे आले आहे. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली, नंतर मुंबईतही तिच्या शाखा निघाल्या. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत, त्यात काहींचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलाली' म्हणू लागले. नाव ठेवणाऱ्यांनी गंमत म्हणून ठेवले असेल, पण पंचशील घेणाऱ्याला त्यात वेगळेच काही दिसेल.

आता बिअर बनते कशी ते पाहू, कारण "ही दारूच नव्हे" या म्हणण्याचे उत्तर तिथेच आहे. सातू म्हणजे जव भिजवून त्याला मोड आणतात, मग तो वाळवून भाजतात. आपण नाचणीचे सत्त्व करताना मोड आणतो तसेच. मोड आलेल्या सातूत पिष्टाची साखर करणारे घटक तयार होतात. त्याचा भरडा गरम पाण्यात ठेवला की गोड पाणी मिळते. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले उकळतात, गार करून यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि दोन गोष्टी बाहेर टाकते, कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल. पावाच्या पिठातही हेच घडते, पण भट्टीत अल्कोहोल उडून जाते. बिअरमध्ये ते राहते, किंबहुना त्यासाठीच तर सगळा खटाटोप असतो. सातू जास्त घातला की साखर जास्त, साखर जास्त की अल्कोहोल जास्त. हातभट्टीत गुळाचा किंवा मोहाचा आंबवलेला रस पुढे भट्टीवर चढवून त्याची वाफ धरतात, म्हणून ती कडक होते. बिअर या भट्टीआधीच्या पायरीवर थांबते, एवढाच फरक. आत जो पदार्थ नशा आणतो तो दोन्हीकडे एकच, इथेनॉल. परवाना असलेल्या ठिकाणच्या बिअरमध्ये विषारी मिथेनॉल मिसळलेले नसते हे खरे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे गेली ती अशा भेसळीने. पण एका रात्रीत मारत नाही, म्हणून एखादी गोष्ट निरोगी ठरत नाही.

विहारात आपण जे पाचवे शील घेतो, त्यातले शब्द अनेकांना पाठ असतात, पण अर्थाकडे लक्ष जात नाही. त्यात पहिला शब्द 'सुरा' आहे आणि दुसरा 'मेरय'. विनयपिटकात या दोन शब्दांची फोड करून सांगितली आहे. पीठ, भाकरीसारखे भाजलेले पदार्थ, शिजवलेला भात यांपासून किण्व घालून आंबवलेली ती सुरा. फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले ते मेरय. पालीतला 'किण्ण' म्हणजे आपला किण्व, आजचे यीस्ट. मग धान्याला मोड आणून, यीस्ट घालून आंबवलेली बिअर कशात बसते? शीलाच्या अगदी पहिल्या शब्दात. व्हिस्की, रम, देशी या उकळून, वाफ धरून केलेल्या कडक दारवा आपल्याकडे पुष्कळ नंतर पसरल्या. भगवान बुद्धांच्या काळी लोक जी पीत ती बहुतांशी बिअरच्याच जातीची होती. तेव्हा "शील दारूला आहे, बिअरला नाही" हे म्हणणे उलटे आहे. शील दिले गेले तेच मुळी सौम्य समजल्या जाणाऱ्या पेयांसाठी.

या नियमाची हकीकतही सांगण्यासारखी आहे. सागत नावाचे भिक्खू मोठे पराक्रमी मानले जात. कोसंबीच्या उपासकांना त्यांचा सन्मान करावासा वाटला. कोणीतरी सुचवले म्हणून प्रत्येक घरी त्यांना स्वच्छ, चांगल्या प्रतीची सुरा देण्यात आली. प्रत्येक घरी थोडी थोडी. शेवटी ते नगराच्या वेशीपाशी कोसळले. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, आदर होता. टॅपहाऊसमध्ये सहकाऱ्यांच्या टोळक्यात हेच होते. तिथे 'राउंड'ची पद्धत असते, एकाने सगळ्यांसाठी मागवायचे, मग दुसऱ्याने. पाच जण असले की पाच ग्लास होतात, आणि कोणीही कोणावर जबरदस्ती केलेली नसते.

टॅपहाऊसमध्ये शिरताच दिसतो तो फळा. प्रत्येक बिअरचे नाव, प्रकार, किंमत, आणि पुढे एक टक्केवारी. ती टक्केवारी म्हणजे अल्कोहोलचे प्रमाण. बाकी सगळे विसरले तरी चालेल, हा आकडा वाचता आला पाहिजे. साधी लागर चार ते पाच टक्के असते. आयपीए साडेसहा-सातच्या आसपास. डबल आयपीए आठ ते दहा. बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउट दहाच्या पुढेही जाते. रंगावरून अंदाज बांधू नये. काळीभोर स्टाउट सव्वाचार टक्क्यांची असू शकते आणि सोनेरी, निरागस दिसणारी बिअर नऊची. कडवटपणाही फसवतो, कारण तो हॉप्सचा असतो, अल्कोहोलचा नसतो. डेनव्हरच्या त्या विंकूपमध्ये हिरव्या मिरचीची बिअरसुद्धा होते. मिरचीने ठसका लागेल, नशा नाही.

आता हिशेब. ग्लास किती मिलिलिटरचा, त्याला टक्केवारीने गुणा, पुन्हा ०.८ ने गुणा, शंभराने भागा. आले ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. अमेरिकेत १४ ग्रॅमला 'एक ड्रिंक' धरतात, म्हणजे ३५५ मिलीचा पाच टक्के बिअरचा एक डबा. पण टॅपहाऊसचा ग्लास ३५५ चा नसतो, ४७३ चा असतो. त्यात आठ टक्क्यांची बिअर असेल तर ४७३ गुणिले ८ गुणिले ०.८ भागिले १००, म्हणजे ३० ग्रॅम. पोराच्या लेखी तो 'एक बिअर' असतो. शरीराच्या लेखी दोन ड्रिंकपेक्षा जास्त. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के असते. तिच्या ६० मिलीच्या मोठ्या पेगात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल येते. म्हणजे टॅपहाऊसचा तो एक ग्लास दीड मोठ्या पेगाइतका, आणि दोन ग्लास झाले की तीन पेग. आपल्या वाइन शॉपमधली ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची बाटली आठ टक्क्यांची धरली तर तिच्यात ४१ ग्रॅमच्या वर अल्कोहोल आहे, दोन मोठे पेग. "मी पेग घेत नाही, बाटलीभर बिअरच पितो" म्हणणाऱ्याने हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे. आठवीतल्या मुलालाही जमेल.

टॅपहाऊसमध्ये आणखी एक प्रकार असतो, 'फ्लाइट'. लाकडी पट्टीवर चार छोटे ग्लास, प्रत्येकी साधारण ११८ मिली, चार वेगळ्या बिअर चाखण्यासाठी. नवखा माणूस म्हणतो, मी फक्त चव घेतली. पाच, साडेसहा, आठ आणि दहा टक्के अशा चार घेतल्या तर २८ ग्रॅम होतात. एक अख्खा ग्लास पोटात गेला, आणि चाखण्याच्या नावाने गेला.

यकृत हे अल्कोहोल तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम या वेगाने संपवते. ३० ग्रॅमला तीन-चार तास. कॉफी, लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांनी जाग आल्यासारखे वाटते, पण यकृताचा वेग वाढत नाही. पासष्ट किलोच्या पुरुषाने असा एक ग्लास भरभर प्याला तर १०० मिली रक्तात ढोबळमानाने साठ-पासष्ट मिलिग्रॅम अल्कोहोल येऊ शकते. पोट भरलेले असले तर कमी, रिकामे असले तर लवकर. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच ग्लासाने तिच्या रक्तातला आकडा जास्त चढतो. भारतात गाडी चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोलोरॅडोत ८० ला मोठा गुन्हा लागतो, पण ५० च्या वरही शिक्षा आहेच. परदेशी असलेल्या मुलांना तर हे आवर्जून सांगा : तिथे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. कर्ज काढून, दागिने मोडून पाठवलेल्या मुलाची नोकरी एका ग्लासावर टांगलेली असते.

ही झाली त्या रात्रीची गोष्ट. पुढच्या वीस वर्षांची वेगळी.

१९८८ साल पुन्हा आठवा. लोडोत ते टॅपहाऊस उघडले त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अल्कोहोलयुक्त पेये माणसाला कर्करोग करतात असे जाहीर केले. तंबाखू ज्या गटात आहे त्याच पहिल्या गटात. आणि त्याच वर्षी अमेरिकेने बाटल्यांवर इशारा छापण्याचा कायदा केला. त्या इशाऱ्यात गरोदरपण आणि गाडी चालवणे आले, कर्करोग आला नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी तो शब्द त्यात घाला अशी शिफारस केली. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि बायकांमध्ये स्तन, अशा सात ठिकाणच्या कर्करोगांशी दारूचा संबंध त्यांनी मांडला. वाइन, बिअर, व्हिस्की असा भेद त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली सांगितले की आरोग्याला धोका नाही असे दारूचे कोणतेही प्रमाण दाखवता येत नाही. आपल्या वस्त्यांत तंबाखू, गुटखा, मिश्री आधीच आहे. तंबाखू आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होण्यापेक्षा कितीतरी जास्त वाढतो.

एक बारीक गोष्ट इथे नजरेतून सुटते. इशारा बाटलीवर असतो. नळातून काढलेल्या ग्लासाला लेबल नसते. आपल्याकडेही बाटलीवर मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना छापावी लागते, पण टॅपरूममध्ये गिऱ्हाइकाच्या हातात येतो तो कोरा, चकचकीत काचेचा ग्लास. विटांची भिंत आणि मंद दिवे यांच्यामध्ये ती सूचना हरवून जाते.

बिअरविषयीच्या दोन समजुती आपल्याकडे घट्ट आहेत. पहिली मुतखड्याची. बिअरने लघवी जास्त होते हे खरे, पण ते काम पाणी करते, फुकटात करते. खडा अडकलेला असताना लघवी वाढली तर कळ वाढते. शिवाय बिअरने युरिक ॲसिड वाढते, आणि काही खडे त्याचेच असतात. दुसरी समजूत बारीक मुलांना बिअर पाजून अंगावर मांस आणण्याची. आठ टक्क्यांच्या एका ग्लासात अडीच-तीनशे कॅलरी असतात, प्रथिने नावापुरती. पोट सुटते, दंड भरत नाहीत. त्याच पैशात अंडी, शेंगदाणे, हरभरे येतात. लोडोत एका ग्लासाचे सात-आठ डॉलर पडतात, वर बक्षिसी. आपल्या रुपयांत सहा-सातशे.

आजारी माणसाच्या बाबतीत तर 'थोडीशी' हा शब्दच काढून टाकावा. टीबीची औषधे चालू असतील तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड या गोळ्यांचा भार यकृतावरच पडतो. त्यात दारू मिसळली की कावीळ होऊन उपचार मध्येच थांबवायची वेळ येते, आणि अर्धवट थांबलेला टीबी घरभर पसरतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर बिअरनंतर, विशेषतः न जेवता झोपल्यास, धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, बरळणे, झोकांड्या. बघणाऱ्याला वाटते चढली आहे, झोपू द्या. अशा माणसाची साखर ताबडतोब तपासावी. तो शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता कुशीवर वळवून दवाखान्यात न्यावे. गरोदर बाईने बिअरसुद्धा घेऊ नये. अल्कोहोल नाळेतून थेट बाळापर्यंत जाते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

मग आपल्या मुलांनी टॅपहाऊसमध्ये पाऊलच ठेवू नये का? माझे मत तसे नाही. कामाच्या ओळखी, बढतीच्या गोष्टी, नव्या कामाच्या बातम्या अशाच टेबलांवर फिरतात. आपली मुले आधीच बऱ्याच वर्तुळांच्या बाहेर ठेवली गेली आहेत, त्यांनी आणखी एक दार स्वतःहून लावून घेऊ नये. शील पिण्याविषयी आहे, खुर्चीवर बसण्याविषयी नाही. आणि आपले न पिणे हे सोवळे नव्हे. शेजारी कोणी पीत असला तर आपण विटाळत नाही, त्याला हिणवायचेही नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये राहिले. त्या शहरात दारूची काय कमतरता होती? त्यांचा वेळ कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला.

जाताना आपण काय पिणार हे दारातच ठरवून घ्यावे, टेबलावर बसल्यावर नाही. पहिली मागणी स्वतःची स्वतः करावी, म्हणजे राउंडमध्ये नाव येत नाही. कारण विचारले तर "मी पीत नाही" एवढे पुरे. अमेरिकेत "गाडी मी चालवणार आहे" म्हटले की कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, उलट चार जण खूश होतात. बहुतेक ठिकाणी 'रूट बिअर' मिळते. नावात बिअर असली तरी ते झाडाच्या मुळांच्या स्वादाचे गोड सरबत आहे, त्यात सहसा अल्कोहोल नसते. मात्र 'नॉन-अल्कोहोलिक बिअर' लिहिलेल्या बाटलीत तिकडच्या नियमानुसार अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते. कोंबुचा नावाच्या आंबवलेल्या चहाचेही तसेच. ज्याला शील काटेकोर पाळायचे आहे, किंवा जो दारू सोडून सावरतो आहे, त्याने हे पेय टाळावे. सावरणाऱ्याला तर चव आणि वासच पुन्हा तिकडे ओढतात. त्याने काही महिने अशा जागीच जाऊ नये, त्याच्यासाठी वरचे माझे मत लागू नाही. डेनव्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर आहे. हवा विरळ आणि कोरडी, नव्या माणसाचे पहिले दोन-तीन दिवस डोके दुखते. तिथे पाणी भरपूर प्यावे.

शीलातला आणखी एक शब्द राहिला, 'पमादट्ठान'. प्रमादाची जागा, जिथे माणसाची सावधानता सुटते ती. लोडोच्याच इतिहासात याचे उदाहरण आहे. त्या भागात पूर्वी चिनी मजुरांची आणि धोब्यांची वस्ती होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी तिथल्या एका दारूच्या गुत्त्यात बिलियर्ड खेळणाऱ्या चिनी माणसांवर प्यालेल्या गोऱ्यांनी हात टाकला. भांडण रस्त्यावर आले, हजारोंचा जमाव जमला, चिनी वस्ती लुटून उद्ध्वस्त केली आणि एका चिनी माणसाला ठार मारले. द्वेष आधीपासून होताच, दारूने त्याचा लगाम सोडला. डेनव्हर शहराने त्याबद्दल माफी मागितली ती २०२२ साली. वस्तीवर चालून येणारा जमाव म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव जाते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. सहांपैकी रोग एकच आहे, पण या पानावर आपण त्याच्यापुरतेच बोलू शकतो. बाकी पाचांबद्दल घरातल्या बायका डॉक्टरांपेक्षा जास्त सांगतील.

हा लेख वाचून घरातल्या कोणाला आजच सोडावेसे वाटले तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. कधीतरी दोन ग्लास घेणाऱ्याने एकदम थांबण्यात काही धोका नाही. पण जो रोज आणि भरपूर पितो, मग ती देशी असो की दिवसाला तीन-चार बाटल्या बिअर, त्याने घरच्या घरी अचानक बंद करू नये. बंद केल्यावर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना नसलेली माणसे दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो. याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात वेळ घालवू नये, यात माणूस दगावतो. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हे दिवस औषधांनी आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी सुखरूप पार पडतात. डॉक्टरांना रोजचे प्रमाण खरे सांगा, वर दिलेल्या रीतीने ग्रॅममध्ये काढून सांगितलेत तर फारच बरे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतल्या सभा अनेक गावांत फुकट भरतात. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे. त्याला पैसे पडत नाहीत, आणि पिणाऱ्याऐवजी त्याच्या आईने, बायकोने किंवा मुलीने फोन केला तरी चालतो.